एकतीस मिनिटांवरचा मामा

पर्थहून सकाळी नऊला निघालेला माणूस रत्नागिरीला सात वाजून एक मिनिटाने पोचायचा. म्हणजे निघायच्या जवळजवळ दोन तास आधी. प्रवास एकतीस मिनिटांचा आणि दोन्हीकडच्या घड्याळांत अडीच तासांचा फरक, एवढंच त्यातलं गणित होतं. पण नंदन खातूच्या नातेवाइकांनी त्यातला सोयीचा भाग तेवढा उचलला होता.

"निघायच्या आधीच पोचतोस," त्याची थोरली बहीण वृंदाताई म्हणायची, "मग तुला उशीर होतोच कसा?"

नंदन पर्थला समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढणाऱ्या कारखान्यात पंप सांभाळायचा. तिथे गेला तेव्हा चिपळूणला यायला दोन विमानं, एक बस आणि सव्वा दिवस लागायचा. त्या काळात ताईची मुलगी ऋजुता दहावी झाली, तिचा पाय मोडला, जुळला, तिला नोकरी लागली, आणि हे सगळं नंदनने फोनवर ऐकलं. कोणी एका शब्दाने बोललं नाही. उलट "तो लांब असतो हो" असं म्हणताना ताईच्या आवाजात थोडा अभिमानच असायचा.

मग तीन वर्षांपूर्वी गोफण आली.

त्या यंत्राचं सरकारी नाव चार ओळींचं होतं. लोक गोफण म्हणत, आणि तेच जास्त खरं होतं. जुनं विमान हवेवर रेलून उडतं; सगळा वेळ हवा बाजूला सारत, तिच्याशी भांडत पुढे जातं. गोफण हवेच्या भानगडीतच पडत नाही. तिचं इंजिन पहिली चार मिनिटं पेटतं आणि तुम्हाला हवेच्या वर, काळ्या आभाळात भिरकावून देतं. मग बंद. पुढची बावीस मिनिटं तुम्ही दगडासारखे पडत असता, फक्त इतक्या वेगाने पुढे जात पडता, की जमिनीला टेकेपर्यंत मधला हिंद महासागर संपलेला असतो. शेवटची पाच मिनिटं हवेत वेग कमी करण्यात जातात. तेव्हा छातीवर तीन माणसं येऊन बसल्यासारखं वाटतं. सात हजार ऐंशी किलोमीटर, एकतीस मिनिटं.

आता, गोफण सुटताना कानठळ्या बसतात, म्हणून तिचा तळ किनाऱ्यापासून बारा किलोमीटर आत समुद्रात होता. तिथवर लाँचने पन्नास मिनिटं. सामानाची आणि माणसाची तपासणी, दीड तास. रत्नागिरीहून चिपळूण नव्वद किलोमीटर, साडेतीन तास, कारण महामार्गाचं काम अंतिम टप्प्यात होतं आणि त्या टप्प्यातून ते बाहेर यायला तयार नव्हतं. पर्थच्या बाजूलाही लाँच आणि तपासणी होतीच. दारापासून दारापर्यंत नऊ तास व्हायचे. पण जाहिरातीत एकतीस मिनिटं लिहिलं होतं आणि ताईने जाहिरात वाचली होती.

तेव्हापासून 'लांब आहे' हे कारण संपलं. दाजींच्या मित्राच्या वास्तुशांतीला नंदनला बोलावणं आलं. चुलतभावाच्या मेव्हण्याच्या मुलाच्या बारशाला आलं. तिथे बाळाच्या बापाला नंदन कोण हे शेवटपर्यंत कळलं नाही. एकदा मिक्सरच्या वॉरंटीचा कागद सापडेना म्हणून बोलावलं. नाही म्हटलं की लोक रुसायचे. आणि पर्थच्या साहेबालाही जाहिरात वाचता येत होती, त्यामुळे रजा मिळायची ती अर्ध्या दिवसाची.

अडचण एकच होती. कानाची.

आपल्या कानात खूप आत जेलीसारखा एक थर असतो आणि त्यावर चुन्याचे बारीक कण चिकटलेले असतात, अनारशावर खसखस असते तसे. आपण वाकलो की कणांच्या वजनाने तो थर सरकतो आणि मेंदूला कळतं, खाली कुठे, वर कुठे. गोफणीत बावीस मिनिटं त्या खसखशीला वजनच नसतं आणि मग एकदम चौपट येतं. दर फेकीला थोडी सुटते. माणूस पंधरा दिवस जमिनीवर राहिला तर शरीर ती भरून काढतं. नाही राहिला, तर सुटलेले कण कानातल्या भलत्याच नळीत जाऊन पडतात, आणि मग माणूस जागेवर असतो आणि जग फिरतं. म्हणून लाँच सुटायच्या धक्क्यावरच प्रत्येकाला खुर्चीत बसवून गरागरा फिरवायचे, गचकन थांबवायचे, आणि डोळ्यांची थरथर किती सेकंदांत थांबते ते यंत्राने मोजायचे. पंधराच्या आत हिरवा दिवा. पंचवीसपर्यंत पिवळा. त्यावर लाल.

ऋजुताच्या लग्नासाठी नंदन शुक्रवारी निघाला तेव्हा दिवा पिवळा होता. हे त्याने कोणाला सांगितलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी तो आणि ऋजुता गच्चीवर अक्षतांच्या पुड्या बांधत बसले होते. ती कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवायची आणि घरातही तो विषय सोडायची नाही.

"मामा, या वर्षात तू तेवीस वेळा आलास. मी लिहून ठेवलंय."

"एवढं?"

"त्यातल्या एकाही वेळी तुझी गरज नव्हती."

"ताईने बोलावलं होतं."

"आई केबलवाल्यालाही बोलावते. तो येतो का?" तिने एका पुडीला दोऱ्याचे दोन वेढे दिले. "माझं फक्त एक काम आहे तुझ्याकडे. परवा बारा एकोणीसला माझ्या मागे उभा राहा. बाकी काही करू नकोस. जेवणाकडे बघू नकोस, पाहुण्यांना आणायला जाऊ नकोस. नुसता उभा राहा."

मुलीला गौरीहरापासून बोहल्यावर आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, हे मामाचं काम. भाचीच्या दहावीपासून नोकरीपर्यंत सगळं चुकवलेल्या माणसाला एवढं एक काम मिळालं होतं. त्याला इतर कशाची नाही, पण त्या कामाची धास्ती होती.

"उभा राहतो," नंदन म्हणाला. "त्यात काय अवघड आहे?"

शनिवारी पहाटे साडेपाचला ताईने चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला आणि विचारलं, "साडी कुठाय?"

गौरीहर पुजताना नवरी पिवळी साडी नेसते आणि ती मामाने आणायची असते. नंदनच्या आवडीवर ताईचा विश्वास नव्हता, म्हणून ती साडी तिनेच चिपळूणच्या बाजारातून घेतली, मॅचिंग ब्लाउज शिवून आणला, देवापुढे ठेवून तिला हळदकुंकू लावलं आणि गेल्या महिन्यात नंदनच्या हातात दिली. म्हणजे तो ती पर्थला नेणार आणि मामाकडची म्हणून परत आणणार. साडीचा साडेचौदा हजार किलोमीटरचा प्रवास त्यासाठी होता. निम्मा झाला होता.

"कपाटात आहे," नंदन म्हणाला.

"कुठल्या कपाटात?"

"माझ्या."

ताईने शांतपणे स्टूल ओढलं आणि बसली. तिचं शांत होणं नंदन लहानपणापासून ओळखून होता. त्यापेक्षा ती ओरडलेली बरी.

"दुसरी घेऊ," दाजी पेपरच्या मागून म्हणाले. दाजींची मतं चांगली असायची, पण ती पेपरच्या मागून येत, त्यामुळे घरात कोणी जमेस धरत नसे.

"हळदकुंकू लावलेली ती आहे," ताई म्हणाली. "देवाला दाखवलेली ती आहे. आता दुसरी आणायची म्हणजे देवाला काय सांगू, नंदू विसरला?"

"सांग की. त्याला माहीत असेल," ऋजुता आतून म्हणाली. "मामा, तू कुठेही जायचं नाहीयेस."

ताईने नंदनकडे पाहिलं. "एकतीस मिनिटं तर लागतात. जाऊन ये ना. संध्याकाळच्या चहाला परत."

आणि इथे नंदनने ती चूक केली. पिवळा दिवा त्याला आठवला होता. नऊ तासही आठवले होते. पण तीन वर्षं रोज ऐकून ऐकून तो आकडा त्याच्याही डोक्यात बसला होता. एकतीस मिनिटं. एवढ्या वेळात तर वाण्याकडून खोबरं येत नाही.

"येतो जाऊन," तो म्हणाला आणि चप्पल घालायला लागला. ऋजुता बाहेर आली, त्याच्याकडे पाहिलं आणि आत जाऊन दार हळूच लावलं. तिने दार आपटलं असतं तरी चाललं असतं.

साडेतीन तास महामार्ग. तपासणी. रत्नागिरीच्या खुर्चीने पिवळा दिवा दिला, तेवीस सेकंद. लाँच. बारा दहाला गोफण सुटली आणि तीन अकराला पर्थला उतरली. जाताना अडीच तास असेच हवेत विरघळायचे, ते कोणी भरून देत नसे. पाच वाजता नंदन आपल्या कपाटापुढे उभा होता. साडी हँगरला होती, डोळ्यांसमोर, त्याच्या रेनकोटाशेजारी. तो तिला मनापासून एक शिवी देणार होता, पण तिला हळदकुंकू लागलेलं होतं.

साडेसहाला तो परत लाँचच्या धक्क्यावर होता. खुर्ची फिरवणारी बाई लेस्ली, साठीची, गेल्या वर्षभरात त्याला नावाने ओळखायला लागली होती. तिने त्याला फिरवलं, थांबवलं आणि पडद्याकडे पाहत राहिली.

"चौतीस," ती म्हणाली. दिवा लाल होता.

"पुन्हा फिरवता का?"

"फिरवलं तर वाढेल. सहा आठवडे जमिनीवर, मिस्टर खातू."

"उद्या माझ्या भाचीचं लग्न आहे."

"गेल्या महिन्यातही तुम्ही लग्नालाच निघाला होता."

"ती वास्तुशांत होती."

"आणि त्याआधी?"

"तो मिक्सर होता," नंदन म्हणाला. मग त्याला वाटलं की या बाईला सगळं नीट सांगितलं तर ती ऐकेल. "हे वेगळं आहे. यात माझं काम आहे. मला तिच्या मागे उभं राहायचंय."

"उभं राहायचंय?"

"हो. पंधरा-वीस मिनिटं."

लेस्लीने चष्मा काढला. "मग तर मुळीच नको. तुमचे कण सुटलेत. उद्यापर्यंत ते नळीत उतरतील, न उडताही. तुम्ही दुसरं काहीही करू शकाल, झोपून. उभं राहण्याचं तेवढं मला सांगू नका."

तेवीस वेळा त्याची गरज नसताना त्या दिव्याने त्याला सोडलं होतं. नंदनला त्या यंत्राला लाथ मारावीशी वाटली, पण एका पायावर उभं राहण्याची आता खात्री नव्हती.

लेस्लीलाच त्याची दया आली. जुन्या विमानतळावरून रात्री साडेदहाला एक विमान अजून सुटतं, नवी मुंबईला जातं, ती म्हणाली. नऊ तास पन्नास मिनिटं. त्याला कान लागत नाहीत. आणि साडीचं म्हणाल तर ती आठच्या गोफणीने पार्सल करा. साडीलाही कान नसतात.

त्याने ताईला फोन लावला.

"लाल म्हणजे?" ताईने विचारलं. "पूर्ण लाल की थोडं लाल?"

"ताई, तो दिवा आहे. साडी आठला सुटेल, सहाला रत्नागिरीत. दाजींना घ्यायला पाठव. मी जुन्या विमानाने येतो. सकाळी पावणेसहाला उतरतो."

"पावणेसहा? किती वेळ लागतो त्याला?"

"दहा तास धर."

"नंदू," ताई म्हणाली, "चालत येतोयस का?"

जुनं विमान गच्च भरलेलं होतं. प्रत्येकाच्या हातात लाल दिव्याचा कागद होता, आणि सगळे मान न हलवता बसले होते, डोक्यावर पाण्याने भरलेलं घमेलं ठेवल्यासारखे. शेजारचा गृहस्थ मेव्हणीच्या नव्या गाडीच्या पूजेसाठी वर्षात एकोणीसदा गेला-आला होता, कारण गाडी दरवेळी बदलून मिळत होती. आता त्याच्या वडिलांचं ऑपरेशन होतं. हे त्याने समोरच्या सीटकडे पाहत सांगितलं. नंदननेही आपली हकीकत समोरच्या सीटलाच सांगितली. खाली महासागर होता, आणि तो नको तितका मोठा होता.

नवी मुंबईहून टॅक्सी मिळाली तेव्हा पावणेसात झाले होते. दाजींचा फोन आला तो साडेसातच्या आसपास.

"नंदनराव, साडी आली," दाजी म्हणाले.

"चला, सुटलो."

"म्हणजे रत्नागिरीत आली. कालच आली, सहा एकला. पण देत नाहीत. मी रात्रभर त्यांच्या बाकावर आहे."

"का देत नाहीत?"

"पर्थच्या मशीनने साडीवर दोन प्रकारची अज्ञात पूड आहे असं लिहून पाठवलंय. एक पिवळी, एक लाल."

नंदनने डोळे मिटले. "दाजी, त्यांना सांगा, हळदकुंकू आहे."

"सांगितलं. साहेब म्हणाला, मलाही दिसतंय. वास घेऊनही पाहिला त्याने. पण कागदावर अज्ञात लिहिलंय, म्हणून नमुना प्रयोगशाळेत जाणार. बुधवारी रिपोर्ट." दाजी बाकावरून उठल्याचा आवाज आला. "मी काय म्हणत होतो काल सकाळी, दुसरी घेऊ. तर मी आता निघतो. मुलीचा बाप आहे मी, मुहूर्ताला पोचायला पाहिजे."

कशेडीच्या बोगद्यात नंदनच्या कानातला एक सुटलेला कण नळीत उतरला. त्याला नेमका क्षण कळला. बोगदा सरळ होता आणि तो सावकाश, कसलीही घाई न करता, डावीकडे गुंडाळला जायला लागला.

"बरं वाटत नाही का?" टॅक्सीवाल्याने विचारलं.

"रस्ता सरळ आहे ना?"

"एकदम."

"मग बरं वाटत नाही," नंदन म्हणाला.

बारा वाजून अकरा मिनिटांनी तो हॉलच्या दारात उतरला आणि दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. ताई शालू सावरत आली. तिने त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. गौरीहर ऋजुताने शेजारच्या कोलगेकाकूंच्या पिवळ्या साडीत पुजला होता. देवाने काही विचारलं नव्हतं.

"एवढा जाऊन आलास," ताई म्हणाली, "आणि साडी नाहीच. एक वेळ साडी आली असती आणि तू नसतास तरी..." मग तिला आपलं वाक्य ऐकू आलं. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "पांढरा का पडलायस तू?"

"प्रवास झाला," नंदन म्हणाला. "लांबून आलोय."

ऋजुता खोलीत पाटावर बसली होती. त्याला पाहून ती हसली नाही, रागावलीही नाही. तिने घड्याळ पाहिलं. "सहा मिनिटं राहिलीत. चल."

त्याने तिचा दंड धरला आणि तिला बोहल्याकडे नेलं. निदान बघणाऱ्यांना तरी तसं वाटलं. प्रत्यक्षात कोण कोणाला नेत होतं हे दोघांनाच माहीत होतं.

"किती फिरतंय?" तिने ओठ न हलवता विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"माझा दंड दुखतोय."

अंतरपाट धरला गेला. पलीकडे नवरा, अलीकडे ऋजुता, तिच्या मागे नंदन. मंगलाष्टकं सुरू झाली. पहिल्या अष्टकाला फक्त छताचे पंखे सरकत होते. दुसऱ्याला हॉल निघाला, पाहुण्यांसकट, खुर्च्यांसकट, डावीकडे. दर अष्टकाच्या शेवटी भटजी सावधान म्हणत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा नंदन त्या सूचनेचं मनापासून पालन करत होता. त्याने ऋजुताच्या अंबाड्यातल्या एका पिनेवर नजर रोवली. ती पीन तेवढी जागेवर होती. तिसऱ्याला तीही निघाली.

तेव्हा ऋजुताने हात मागे घेतला आणि त्याची बोटं पकडली. घट्ट.

समोरच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. नंदनच्या कपाळावर घाम होता, डोळे मिटलेले होते आणि तो किंचित डोलत होता. व्हिडिओवाला त्याच्या तोंडाजवळ आला आणि तिथेच राहिला.

"बसतोस का?" ऋजुता कुजबुजली.

"नाही."

"पडशील."

"अजून किती आहेत?"

"दोन."

दोन झाली. शेवटचं सावधान झालं, ताशा वाजला, अंतरपाट खाली आला. भटजी म्हणाले, "नवरीने हार घालावा." करवलीने हार पुढे केला. हार जाड होता, त्याला दोन हात लागत होते, आणि ऋजुताचा एक हात मागे होता.

ती हलली नाही. नवरा मान पुढे करून थांबला. भटजींनी पुन्हा सांगितलं. ताशेवाल्यांना वाटलं, आपलं काही चुकलं, ते थांबले.

"सोड," नंदन म्हणाला.

"नाही."

"ऋजू. उभा राहायला आलोय मी."

तिने सोडलं नाही, म्हणून त्याने सोडलं. पाय थोडे फाकवले, दात आवळले. हॉल डावीकडे गेला, तो गेला नाही. ताई पहिल्यांदाच पाहुण्यांकडे पाठ करून त्याच्याकडे बघत होती. ऋजुताने हार उचलला, नवऱ्याच्या गळ्यात घातला, तो फेट्यात अडकला, तिने सोडवला, नीट केला. मग नवऱ्याने घातला. सगळं मिळून अकरा सेकंद लागले असतील, आणि ते सगळे नंदन खातू भाचीच्या मागे, कशालाही न धरता, उभा होता.

मग तो खाली बसला, थोड्या वेळाने आडवा झाला, आणि उरलेल्या अक्षता त्याने आडव्यानेच टाकल्या.